सुभेदार फडतऱ्यांचं विद्यापीठ

मानसिंग फडतऱ्यांना विद्यापीठ दिसायचं ते पहाटे, झोप उतरता उतरता. लांबलचक व्हरांडा, एका अंगाला कमानी, कमानींमधून फरशीवर पडलेलं पिवळं ऊन. मुलं-मुली छातीशी वह्या धरून चाललेली, पण कुणाच्या पावलांचा आवाज नाही. मानसिंग त्यांच्यामधूनच चालत असत. अंगात फौजेची वर्दी नसे, साधा पांढरा सदरा असे, आणि वयही ठरलेलं नसे. कधी विशीतलं, कधी आत्ताचं. व्हरांडा संपला की रुंद पायऱ्या, पायऱ्यांखाली धुकं. पहिल्या पायरीवर पाऊल टाकावं, तेवढ्यात पत्नी बनुबाई गोठ्यात बादली आपटायच्या आणि विद्यापीठ विरून जायचं. मग उरायचं औंधच्या डोंगराखालचं घर, अंगणात धुवायला काढलेलं आलं, आणि त्याचा ओला तिखट वास.

हे विद्यापीठ त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. बी.ए. मात्र ते त्याच विद्यापीठाचे होते, इतिहास घेऊन, आणि पदवी अस्सल होती. बारावी झाली तशी भरती झाली. मग पलटणीत राहून बाहेरून परीक्षा दिल्या. रजेवर आलं की साताऱ्यातून पुस्तकं न्यायची, बर्फात, वाळवंटात, जिथं पाठवतील तिथं कंदिलाशी वाचायची. परीक्षेला साताऱ्याचं केंद्र मिळालेलं, त्यामुळे विद्यापीठाच्या गावी जायचं कधी कारणच पडलं नाही. पदवीदानाचं बोलावणं आलं तेव्हा पलटण ईशान्येला होती. पदवी पोस्टानं घरी आली. वडिलांनी तिला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यामागे ठेवून दिली.

आता कुणीही शहाणं माणूस म्हणेल, एवढीच ओढ आहे तर बसावं एस.टी.त आणि यावं बघून. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी भाकरीला घरी येतो. बनुबाईंनी हे शंभरदा सांगितलं होतं. मानसिंगांचं उत्तर एकच.

"कुठल्या नात्यानं जायाचं? गेटवर इचारलं, काय काम हाय, तर काय सांगायचं?"

"सांगायचं, बघाय आलोय."

"बघाय जत्रंला जात्यात."

जन्मभर ज्या माणसानं पासाशिवाय एकही फाटक ओलांडलं नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बनुबाईंनी सोडून दिलं. मानसिंगांनी मात्र सोडलं नव्हतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी पहाटेचा तो व्हरांडा काही चुकत नव्हता.

मग विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघानं ठरवलं की जिल्ह्याजिल्ह्यांचे विभाग पाडायचे आणि प्रत्येक विभागाला मतदानानं एक प्रमुख निवडायचा. सातारा आणि सांगली मिळून एक विभाग. मोबाइलवर निरोप आला तेव्हा मानसिंग बांधावर बसले होते. निरोप लांब होता. बाकीचं त्यांनी भरभर वाचलं आणि एका ओळीशी थांबले. विभागप्रमुखाने दर तिमाहीला विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत बैठकीस उपस्थित राहणे आवश्यक. आवश्यक! म्हणजे बोलावणंच, आणि न गेलं तर जाब विचारणार. समोरच्या आल्याच्या पानांवरून वारा गेला आणि सगळं वावर क्षणभर पाण्यासारखं हललं. त्यांनी तिथंच बसून अर्ज भरला.

संध्याकाळी बनुबाईंना कळलं.

"आवं, कशाला उभं ऱ्हायलाय म्हणं तुमी?"

"संघाला."

"दूध संघाला?"

"माजी विद्यार्थी संघाला. विभागप्रमुख."

"पगार हाय?"

"न्हाई."

"गाडी?"

"न्हाई."

"मग माणसं उभी कशाला ऱ्हात्यात?"

मानसिंगांनी थोडा विचार केला. "ऱ्हात्यात," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

अर्ज दोनच आले. दुसरा सांगलीच्या अकिला मुजावर यांचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी., आणि एका हायस्कूलमधून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. संघाच्या पानावर प्रत्येक उमेदवारानं आपली ओळख लिहायची होती. मानसिंगांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, एकीत पलटणीचं नाव, दुसरीत गावाचं. अकिलाबाईंनी भरभरून लिहिलं होतं. वसतिगृहात गरम पाण्यासाठी लागणारी बादल्यांची रांग, प्रयोगशाळेच्या खिडकीला टेकलेली बुचाची फांदी, परीक्षेच्या दिवसांत रात्री फिरायला जायचा तळ्याकाठचा रस्ता. मानसिंगांनी प्रतिस्पर्ध्याची माहिती काढावी म्हणून ते वाचायला घेतलं आणि मग रोज वाचू लागले. थोड्याच दिवसांत त्यांच्या पहाटेच्या व्हरांड्यात बुचाची फुलं पडलेली दिसू लागली. पायऱ्यांखालच्या धुक्यातून कसल्याशा आम्लाचा वास यायचा, तो वास त्यांनी कधी घेतलेला नसतानाही.

आणि मग नानासो घार्गे आले.

नानासोही त्याच विद्यापीठाचे बी.कॉम., रखडत झालेले, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांचा अभिमान वेगळाच होता. सोसायटी असो, पतसंस्था असो, पाणीवापर संस्था असो, नानासोंनी हात घातला तिथं मतदान म्हणून झालं नव्हतं. सगळं बिनविरोध. त्यांची रीत या भागात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. जितके इच्छुक असतील तितक्या सगळ्यांकडून माघारीचा कागद सही करून आधीच घ्यायचा. सगळे कागद नानासोंच्या खिशात. मग एकत्र बसायचं, चहा प्यायचा, एकमेकांचा मान राखायचा. शेवटच्या घटकेला ज्याचं नाव ठरेल त्याचा कागद खिशात राहायचा आणि बाकीचे अधिकाऱ्याच्या टेबलावर जायचे. आणखी एक गोष्ट कुणी शिकवायला लागत नसे. मला पद पाहिजे, असं इथं कुणी म्हणायचं नाही. मला हौस नाही, लोकांनी भरीला पाडलं, असं म्हणायचं. ज्याला सगळ्यात जास्त हौस, तो हे सगळ्यात मोठ्यानं म्हणतो.

"सुभेदार," नानासो कॉटवर बसत म्हणाले, "शिकल्याल्या माणसांनी मतदान करायचं म्हंजी लय वंगाळ दिसतंय. शेजारच्या जिल्ह्यातली लोकं हसत्याल."

"व्हय की."

"तुमास्नी तर काय, हौस न्हाईच."

"मला कसली आलीया हौस, नानासो. पोरांनी आग्रह केला म्हणून."

कुठली पोरं? कुणी आग्रह केला नव्हता. पण वाक्य तोंडातून आपसूक बाहेर पडलं, शिंक यावी तसं. नानासोंनी कागद पुढे केला, मानसिंगांनी सही केली. दारात उभ्या असलेल्या बनुबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप उचलून नेले.

दुसऱ्या दिवशी नानासो त्यांना गाडीत घालून सांगलीला घेऊन गेले, दोन्ही उमेदवारांची समोरासमोर भेट व्हावी म्हणून. विटा मागे पडलं, तासगावकडच्या द्राक्षबागा लागल्या. धुकं अजून उठलं नव्हतं. बागांवरचे प्लास्टिकचे कागद धुक्यात तळ्यांसारखे चमकत होते, एकामागून एक तळी, आणि गाडी त्यांच्यामधून तरंगत चालल्यासारखी. नानासो बोलत होते, मानसिंग व्हय व्हय करत होते. मनात ते केव्हाच तळ्याकाठच्या त्या रस्त्याला लागले होते.

अकिलाबाई उंच, सरळ पाठीच्या, बोलायला खणखणीत. खारी आणि चहा पुढे ठेवून त्यांनीही तेच म्हटलं.

"मला कुठे हौस आहे, नानासो? माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी भरीस घातलं."

"तेच की, मॅडम, तेच की," म्हणत नानासोंनी त्यांचीही सही घेतली आणि दोन्ही कागद एकत्र घडी घालून खिशात टाकले. काम झालं. उठायला हरकत नव्हती. पण मानसिंगांनी हळूच विचारलं, "मॅडम, ती बुचाची झाडं अजून हायती का वो?"

बाईंचा चेहरा बदलला. "अहो, तुम्ही वाचलंत ते? परवाच्या वादळात एक पडलं म्हणे. बाकीची आहेत." आणि त्या सांगत सुटल्या. हिवाळ्यात सकाळी फुलांचा सडा कसा पडायचा, कुणी मुद्दाम झाडून काढायचं नाही, सगळ्या मुली चपला हातात घेऊन कशा चालायच्या. मानसिंग ऐकत होते. चहावर साय धरली. खिडकीतून ऊन आत आलं आणि बाईंच्या गुडघ्यावर येऊन बसलं. नानासोंनी दोनदा घड्याळ बघितलं.

"तुमचा इतिहास ना, सुभेदार?" बाईंनी विचारलं. "म्हणजे तुम्ही त्या जुन्या दगडी इमारतीत असणार. काय गारवा असायचा तिथे!"

"व्हय," मानसिंग म्हणाले. "लय गारवा."

परतताना ते गाडीच्या काचेबाहेरच बघत राहिले. नानासोंना वाटलं, माणसाला माघार झोंबली. तसं नव्हतं. ज्या इमारतीचा उंबरा ओलांडला नाही, तिच्या गारव्याची साक्ष देऊन आले होते ते, आणि तीही अशा बाईपुढे, जिनं आपला खराखुरा गारवा त्यांच्यापुढे मोकळेपणानं मांडला होता.

माघारीच्या शेवटच्या दिवशी साताऱ्यात बसस्टँडजवळच्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत बैठक भरली. सातारकर एका बाजूला, सांगलीकर एका बाजूला, मधे भज्यांच्या प्लेटी. मुदत पाचची. तीन वाजल्यापासून जो तो दुसऱ्याला मोठेपणा देत होता. सातारकर म्हणत, पहिला मान सांगलीला. सांगलीकर म्हणत, छे छे, छत्रपतींची गादी साताऱ्याला, मान तुमचा. नाव कुणीच घेईना. मानसिंग खिडकीशी बसून अजिंक्यताऱ्यावरचं उतरतं ऊन बघत होते. किल्ला हळूहळू धूसर होत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे त्याच्या जागी दगडी इमारत उभी राहत होती.

शेवटी कसंबसं ठरलं. अर्धी मुदत मॅडम, अर्धी सुभेदार. आधी मॅडम. टाळ्या झाल्या. पाचला थोडाच अवकाश होता. आता इथं कागद न्यायचा नव्हता, ई-मेल करायची होती. नानासो हुशार. त्यांनी सकाळीच दोन्ही कागदांचे फोटो काढून ई-मेलला जोडून ठेवले होते, ऐन वेळी घाई नको म्हणून. नाव ठरलं की एक फोटो काढून टाकायचा, की झालं. पण टाळ्या वाजत होत्या, कुणीतरी पेढे फिरवत होतं, सगळे नानासोंच्या पाठीवर थाप मारत होते. नानासोंनी नेहमीसारखं खिशाकडे हात नेला, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं. खिशातला कागद खिशात राहतो. फोनला तसा खिसा नसतो.

पाच वाजून गेल्यावर संघाचं पान उघडलं तर तिथं लिहिलेलं : सातारा-सांगली विभाग, उमेदवार नाही.

खाली बसस्टँडवर कुण्या कंडक्टरनं घंटी मारली.

"दोन्ही गेले?" कुणीतरी विचारलं.

"गेले," नानासो म्हणाले. असे नानासो कुणी पाहिले नव्हते.

"आता काय?"

"आता विभागच दुसऱ्याला जोडतील की! घेतलं ना नाक कापून!"

तेवढ्यात नानासोंचा फोन वाजला. विद्यापीठातून निवडणूक अधिकारी बोलत होत्या, आवाजावरून तरुण प्राध्यापिका वाटल्या. नानासोंनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"सर, दोन्ही माघारी तुमच्या ई-मेलवरून आल्यात. उमेदवारांनी स्वतः पाठवलेल्या नाहीत. त्यामुळे मला दोघांच्याही तोंडून ऐकावं लागेल. आहेत का तिथे?"

"आहेत, आहेत," नानासोंच्या जिवात जीव आला. त्यांनी मानसिंगांना डोळ्यांनी खूण केली : तुम्ही हो म्हणा. मग मॅडम नाही म्हणतील, आणि सगळं ठरल्यासारखं.

"फडतरे सर," फोनमधली बाई म्हणाली, "सही तुमची आहे?"

"माझीच हाय."

"माघार तुमच्या इच्छेनं आहे?"

सोपा प्रश्न होता. एका शब्दाचं उत्तर, आणि ते कसं द्यायचं हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मानसिंगांनी तोंड उघडलं, पण ते वाक्य या वेळी आलं नाही. खोलीतले सगळे लांब गेल्यासारखे झाले, भज्यांचा वास लांब गेला, आणि त्यांना एकदम वाटलं की आत्ता हो म्हटलं तर उद्या पहाटे तो व्हरांडा दिसणार नाही. परत कधीच दिसणार नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "सही माझी, पण इच्छा न्हाई. मला पायजे ते पद."

"सुभेदार!" नानासो कुजबुजले.

"मला पायजे, नानासो. मला हौस हाय. लय हौस हाय. कुणी आग्रह बिग्रह केला न्हाई." मग ते अकिलाबाईंकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "मॅडम, त्या दगडी इमारतीत मी कवाच न्हवतो. बाहेरून बी.ए. केलंय मी. आपलं विद्यापीठ मी अजून बघितलंबी न्हाई. त्या दिवशी तुमच्यापुढं खोटं बोललो."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या मानसिंगांकडे बघत राहिल्या, पहिल्या बाकावरच्या मुलानं न विचारलेलं खरं उत्तर दिल्यावर शिक्षिकेनं बघावं तशा. मग फोनकडे वाकल्या.

"हॅलो. मी अकिला मुजावर. माझीही इच्छा नाही माघारीची. मलाही पद पाहिजे, आणि अर्धं नको, पूर्ण पाहिजे. होऊन जाऊ दे मतदान."

"बरं," फोनमधली बाई म्हणाली. तिला यात विशेष काही वाटलं नसावं.

नानासो पेढ्यांचा बॉक्स बंद करत पुटपुटले, "माणसं बिघडली, गड्या."

मतदान मोबाइलवर व्हायचं होतं, तरी मानसिंग मोटारसायकलवरून हिंडले. म्हसवड, दहिवडी, वडूज, पुढे खाली कडेगावपर्यंत. जुन्या पदवीधरांच्या ओट्यांवर बसले, दुकानांत उभे राहिले. भाषण एकच. "मला आपलं विद्यापीठ बघायचंय, म्हणून उभा हाय. निवडून दिलं तर तुमचं काम मन लावून करीन." लोक हसत. काही म्हणत, सुभेदार, एस.टी.त बसा की वो! पण एका शाळामास्तरानं त्यांना ओट्यावर बसवून घेतलं आणि अर्धा तास आपल्या बाकाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या एकानं मेसच्या आमटीची सांगितली. माणसं मत द्यायचं विसरत आणि आठवणी देत बसत. मानसिंग संध्याकाळी घरी यायचे ते दुसऱ्यांच्या तारुण्यानं जड होऊन, आणि अंगणात धुतल्या आल्याच्या ढिगाशी बसून राहायचे. बनुबाई त्यांना हाका मारत नसत. आता बादलीही हळू ठेवत.

निकाल उघडताना उमेदवारांनी विद्यापीठात समक्ष हजर राहायचं होतं. तसं पत्रच आलं. मानसिंगांनी पांढरा सदरा इस्त्री करून घेतला.

"तू येतीस?"

"म्या न्हाई. तुमी या बघून आधी," बनुबाई म्हणाल्या. "मग मला सांगा, खरंच हाय का ते."

फाटकावर त्यांनी पत्र बाहेर काढलं. पहारेकरी कुणाशी तरी फोनवर बोलत होता. त्यानं मानेनंच आत जा म्हणून खूण केली. पत्राकडे पाहिलंही नाही. मानसिंग क्षणभर तसेच उभे राहिले. इतकी वर्षं! इतकी वर्षं ते ज्याच्यासाठी थांबले होते, ते कुणी विचारतच नव्हतं. दुसरा कुणी असता तर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला असता. मानसिंगांनी पत्र घडी घालून ठेवलं आणि आत पाऊल टाकलं.

पहाटे पाहिलेलं काहीच तिथं नव्हतं. कमानी नव्हत्या. धुकं नव्हतं, चांगलं कडकडीत ऊन होतं, दुचाक्यांच्या रांगाच रांगा होत्या, आणि मुलं कानात वायरी घालून खाली बघत चालली होती. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण ते जसजसे चालत गेले तसतसं पायांखालचं सगळं हलकं होत गेलं. हे कधीकाळी घडून गेलेलं नव्हतं, हे आत्ता घडत होतं, आणि त्यात ते होते. निकालाचं सभागृह कुठं म्हणून कुणाला विचारायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

सभागृहात मोजणी झाली. अकिला मुजावर निवडून आल्या. चांगल्या मतांनी, कुणी वाद घालावा असं काही उरलं नाही. हार घातले, फोटो झाले. दुसरे उमेदवार कुठं आहेत, म्हणून शोधाशोध सुरू झाली. बाईंनी गळ्यातला हार काढून कुणाच्या तरी हातात दिला आणि स्वतःच शोधायला निघाल्या. त्यांना त्या आवाराची वाट न् वाट माहीत होती. तरी बराच वेळ लागला.

मानसिंग सापडले एका नव्या बोडक्या इमारतीच्या मागे, तळमजल्यावरच्या वर्गाच्या उघड्या खिडकीखाली. सिमेंटच्या कट्ट्यावर ताठ बसलेले, हात मांड्यांवर. आत संख्याशास्त्राचा वर्ग चालू होता. शिकवणाऱ्याचा आवाज संथपणे बाहेर येत होता, मधेच खडू करकरत होता. त्यातलं एक अक्षरही मानसिंगांना कळत नव्हतं आणि ते सगळं ऐकत होते.

"सुभेदार," बाई जवळ येत म्हणाल्या, "अहो, सगळीकडे शोधतायत तुम्हाला. निकाल..."

मानसिंगांनी मान न वळवता हात वर केला.

"तास चालू हाय, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "संपू द्या."

जन्मभर वर्गांबाहेर बोलणाऱ्यांना गप्प करत आलेल्या अकिलाबाई गप्प झाल्या. त्यांनी पदर सावरला, रुमालानं कट्टा झटकला आणि शेजारी बसल्या. आत सरांनी फळा पुसला आणि नव्यानं लिहायला सुरुवात केली.